प्रार्थनेतून मारलेले टोमणे

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

'जय ख्रिस्त. मी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि यजमान चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. आम्ही दोघेही मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातले. लग्नाला १५ वर्षे झाली, आता पिंपरीत राहतो. मुलगा १३ वर्षांचा असून आठवीत आहे, मुलगी ८ वर्षांची आहे. यजमान आमच्या चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी आहेत. आठवड्यातल्या चार संध्याकाळी मीटिंग, कॉटेज प्रेअर (घरोघरची प्रार्थनासभा) किंवा क्वायरची प्रॅक्टिस असते. यंदा मुलाने दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचे वचन स्वतः मान्य करण्याच्या विधीच्या, वर्गाला जाण्यास नकार दिला. त्यावरून यजमानांनी त्याच्यावर दोनदा हात उचलला, आणि मी मध्ये पडले तेव्हा "पत्नीने अधीन असावे असे वचन आहे" असे मुलांसमोर ऐकवले. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत ते "प्रभू, या घरातल्या बंडखोर मनांना नम्र कर" असे म्हणतात. मुलगा डोळे उघडे ठेवून भिंतीकडे पाहत बसतो. खरे सांगायचे तर हल्ली मीही प्रार्थनेतूनच उत्तर देते. दोघांच्या पगाराचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, ते मला न विचारता चर्चला देऊन टाकतात. सासूबाई म्हणतात, मुलाला मीच लाडावून ठेवले. यजमानांना दारूचे व्यसन नाही, बाहेरचे काही नाही. त्यामुळे कोणाला सांगायला गेले तर तुला आणखी काय हवे, असेच विचारतील. पाळकसाहेबांकडे जावे तर यजमान त्यांच्या अगदी जवळचे. मी काय करावे?'
— एक भगिनी, पिंपरी

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

आपल्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले : 'हल्ली मीही प्रार्थनेतूनच उत्तर देते.' मुलाचा नकार, दशांश, सासूबाईंचे बोलणे हे सारे प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्याकडे मी येणार आहे. पण आपल्या घरातले खरे भांडण सध्या रात्रीच्या प्रार्थनेत चालू आहे, असे मला वाटते. यजमानांना मुलाला जे सांगायचे असते ते ते देवाला सांगतात, आपल्याला यजमानांना जे सांगायचे असते ते आपण देवाला सांगता, आणि ज्याला ते ऐकवायचे असते तो शेजारीच बसलेला असतो. त्याला उलट बोलता येत नाही, कारण प्रार्थनेत मध्येच बोलणे म्हणजे अधर्म, आणि शेवटी आमेन म्हटले की विषय संपला. तोंडावर मारलेल्या टोमण्याशी निदान भांडता तरी येते. आपल्या मुलाचे उघडे डोळे मला म्हणूनच अश्रद्धेचे लक्षण वाटत नाहीत. त्या खोलीत काय चालले आहे, हे त्याला समजते आहे, एवढेच त्यातून दिसते.

तेव्हा सुरुवात तेथूनच करावी, आणि ती आपणच करावी, कारण आपला वाटा थांबवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. यजमानांना एकांतात सांगा, 'मी प्रार्थनेत तुम्हाला टोचून बोलत होते, ते आजपासून बंद करते.' त्यांच्या वागण्याचा उल्लेखही त्या दिवशी करू नका. समोरच्याने स्वतःची चूक स्वतःहून मांडली की आपल्या चुकीचे समर्थन करीत राहणे बहुतेक माणसांना जड जाते. त्यानंतर काही आठवडे कौटुंबिक प्रार्थना अगदी आखूड ठेवावी, असे सुचवा. एक स्तोत्र वाचावे, 'उपासना संगीता'तले एक गीत मुलीने निवडावे आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठावे; सात-आठ मिनिटांत सारे आटोपते. प्रभूच्या प्रार्थनेचा एक मोठा फायदा असा की तिच्यात कोणाला टोमणा मारायला जागाच नाही : भाकर मागायची ती सर्वांसाठी, क्षमा मागायची ती सर्वांनी. समोर बसलेल्या माणसासाठी वेगळे मागायचेच असेल, तर आधी त्यालाच विचारावे, 'तुझ्यासाठी काय मागू?' मुलाने 'काही नको' म्हटले, तर काही मागू नये. तो नुसता बसला तरी पुरे आहे.

आता अधीनतेविषयी. बायबलातील इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील ज्या २२ व्या वचनाचा आधार यजमान घेतात, त्याच्या आधीचेच वचन एकमेकांच्या अधीन असण्याविषयी आहे. पुढे पत्नींना तीन वचनांत जे सांगितले आहे, त्याच्या किमान दुप्पट जागा पतींसाठी खर्च झाली आहे, आणि पतींपुढे ठेवलेला आदर्श मंडळीसाठी, म्हणजे ख्रिस्ती समुदायासाठी, स्वतःचा प्राण देणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. शिवाय सहाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, अशी स्पष्ट ताकीद आहे. कलस्सैकरांस पत्रात तीच ताकीद पुन्हा येते, आणि तेथे कारणही दिले आहे : मुले खिन्न होतात. हे सर्व मी आपल्या माहितीसाठी लिहिते आहे. यजमानांवर उलट फेकण्यासाठी नव्हे. वचनाला वचनाने उत्तर देण्याच्या सामन्यात आपण जिंकाल, कारण हा अध्याय आपल्या बाजूचा आहे, पण त्या जिंकण्याने घरात एका रात्रीचीही शांतता येणार नाही. मी एवढेच सुचवीन की जे वचन ज्याला उद्देशून लिहिले आहे ते त्याने वाचावे आणि दुसऱ्याचे वचन दुसऱ्यासाठी सोडावे. असे ठरवूनच दोघांनी तो संपूर्ण अध्याय एकदा शांतपणे, मुले झोपल्यावर, सहाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनापर्यंत एकत्र वाचावा. यजमान कमिटीवर आहेत, म्हणजे वाचनाची सवय त्यांना असणारच.

मारण्याच्या बाबतीत मात्र मी इतकी मवाळ नाही. मुलावर हात उचलणे थांबलेच पाहिजे, आणि हे आपण यजमानांना स्पष्ट शब्दांत, पण दार लावून, मुलांच्या गैरहजेरीत सांगितले पाहिजे. छडी आवरणारा आपल्या मुलाचा वैरी होतो, हे नीतिसूत्रांतले वचन आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत आले आहे. मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते, हेही त्याच नीतिसूत्रांत, अवघ्या दोन अध्यायांनंतर आहे; ते मात्र मुलाला दटावताना कोणाला आठवत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी आहे. आपल्या मुलाच्या शिक्षकाने त्याला असे मारले असते तर यजमान स्वतःच मुख्याध्यापकांकडे गेले असते, याचा त्यांनी विचार करावा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट अशी की मुलगा १३ वर्षांचा आहे. दोन-तीन वर्षांत तो बापाच्या उंचीचा होईल, आणि मग त्या घरात जे घडू शकते ते मला लिहून दाखवायची गरज नाही. मार वाढत गेला, किंवा हात आपल्यावर उठला, तर मात्र हे पत्र बाजूला ठेवावे आणि १०९८ किंवा १८१ या हेल्पलाइनवर मदत मागावी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा ख्रिस्ती घरांनाही लागू आहे, आणि त्याचा आधार घेणे म्हणजे घराण्याची किंवा मंडळीची बदनामी करणे नव्हे.

मुलाच्या बाजूने मध्ये पडण्याची आपली रीतही बदलावी लागेल. मार पडत असताना मध्ये पडणे योग्यच आहे. पण बाकीच्या वेळी आई आपली वकील आणि वडील आपले न्यायाधीश, असे मुलाला वाटू लागले की तो दोघांनाही खरे सांगणे बंद करतो. 'पप्पांना सांगू नकोस, मी बघते' असे आपण कधी म्हणता का, याचा शोध आपणच घ्यावा.

दृढीकरणाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि त्याच्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलासाठी आईबापांनी जे वचन दिलेले असते, ते मुलाने कळत्या वयात, मंडळीसमोर, बिशपांच्या हातून आशीर्वाद घेताना स्वतःच्या तोंडाने मान्य करायचे, हा त्या विधीचा सारा अर्थ आहे. बापाच्या थपडेच्या भीतीने उभा राहिलेला मुलगा ते वचन देतो तेव्हा विधी पार पडतो, फोटो निघतात, जेवणावळही होते, पण ज्या गोष्टीसाठी तो विधी आहे ती गोष्ट घडलेली नसते. म्हणून माझे मत असे आहे की रविवारच्या उपासनेला कुटुंबाबरोबर यावे, ही अपेक्षा १३ वर्षांच्या मुलाकडून ठेवायला हरकत नाही, जशी आपण नात्यातल्या लग्नाला यावे अशी ठेवतो. दृढीकरण मात्र त्याच्याकडे मागून घेण्याची गोष्ट नाही. हा फरक त्याला सांगितला तर बहुधा त्याचा निम्मा विरोध ओसरेल. रात्रपाळी करून आपण रविवारी सकाळी घरी येता आणि धावतपळत उपासनेला निघता, ते तो पाहतोच आहे.

मराठी ख्रिस्ती समाजाला या बाबतीत दूर जाऊन उदाहरण शोधावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यानंतर काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे काही काळ चालूच ठेवले आणि टिळकांनी ते चालू दिले. टिळक तापट होते आणि त्या घरात खटके कमी उडत नसत, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे; पण पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत त्यांनी घाई केली नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. ज्या माणसाची गीते आपण दर रविवारी गातो, त्याने पत्नीला जेवढी मोकळीक दिली, तेवढी आपल्या मुलाला द्यायला यजमानांना अवघड वाटू नये.

मुलगा नाही का म्हणतो, हे मात्र आपल्या पत्रातून मला कळले नाही, आणि माझी शंका अशी आहे की ते आपल्यालाही कळलेले नाही. कदाचित त्याला विश्वासाविषयीच खरे प्रश्न पडले असतील. कदाचित वर्गाची वेळ आणि ट्यूशनची वेळ एकच असेल, किंवा तेथल्या मोठ्या मुलांचा त्रास असेल. शाळेत त्याच्या नावावरून आणि धर्मावरून कोणी चिडवत असेल आणि चर्चमधला प्रत्येक फोटो त्याला नकोसा होत असेल, हेही शक्य आहे. आणि 'सेक्रेटरींचा मुलगा' म्हणून सगळ्या मंडळीची नजर आपल्यावर असते, याचाच त्याला कंटाळा आला असेल. पाळकांच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या मुलांना हा जाच किती असतो, ते त्या मुलांनाच विचारावे. हे विचारण्याचे काम यजमानांनी करावे, आपण नव्हे. जेवणाच्या ताटावर, सर्वांसमोर, समोरासमोर बसवून विचारले तर उत्तर मिळणार नाही. स्कूटरवरून कोठे तरी जाताना, गाडी धुताना, काहीतरी दुरुस्त करताना विचारावे. बायबलातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण कधी द्यावी हे सांगताना घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना, असेच म्हटले आहे. वर्गाचा त्यात उल्लेख नाही. मुलाने एखादा अवघड प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसले, तर 'मला माहीत नाही' असे बापाने सरळ म्हणावे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारीत होता आणि त्याचे बोलणे आईबापांना उमगले नाही, हे लूकने लपवून ठेवलेले नाही.

यजमानांच्या रागाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत, कारण आपण त्यांना वाईट म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. अहिल्यानगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. त्या भागातल्या अनेक घरांत पणजोबांच्या किंवा त्यांच्याही वडिलांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आजही सांगितली जाते, त्या वेळी त्यांनी काय काय सोसले तेही सांगितले जाते. अशा घरातल्या माणसाला मुलाचा नकार हा केवळ हट्ट वाटत नाही. पिढ्यांची साखळी आपल्या हातून तुटते आहे, अशी भीती त्याला वाटते, आणि भीती कबूल करता येत नसली की ती रागाच्या रूपाने बाहेर पडते. दुसरे असे की गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या माणसांसाठी मंडळी हेच गाव असते. दिवसभर कारखान्यात वरच्यांचे ऐकून आणि खालच्यांचे सोसून थकलेल्या माणसाला चर्चमध्ये नावाने हाक मारली जाते, त्याचे मत विचारले जाते, त्याच्या सहीला किंमत असते. तेव्हा 'पद सोडा' असे म्हणू नका. ते ऐकले जाणार नाही, आणि ऐकले गेले तर त्याचा डंख घरात राहील.

चार संध्याकाळींपैकी दोन मात्र मागा, आणि नेमके वार सांगून मागा. येथे आपल्या हाती बळकट आधार आहे. स्वतःच्या घराची व्यवस्था ज्याला ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील, हा पौलाचा तीमथ्याला केलेला प्रश्न कमिटीच्या निवडणुकीत सर्वांनी वाचावा असा आहे. प्रार्थनेसाठी पती-पत्नींनी एकमेकांपासून दूर राहायचे असेल तर तेही दोघांच्या संमतीने आणि काही काळापुरतेच, असे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. म्हणजे भक्तीसाठी दिलेल्या वेळेलाही जोडीदाराची संमती लागते. मला सर्वांत मर्मभेदी वाटतो तो मार्काच्या सातव्या अध्यायातील प्रसंग, जेथे आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून त्यांना नाकारणाऱ्यांना येशूने खडे बोल सुनावले आहेत. घरच्या माणसाचे देणे बुडवून देवाला दिलेले दान त्याला मान्य नव्हते. यजमानांच्या मुलीला आठवड्यातल्या चार संध्याकाळी वडील दिसत नाहीत, हा त्याच प्रकारातला विषय आहे. तरीही हे दाखले पहिल्याच दिवशी काढू नका.

दशांशाविषयी माझे उत्तर लहान आहे. आपला पगार आपल्या कष्टाचा आहे आणि त्यातून काय अर्पण करायचे ते ठरवण्याचा अधिकार आपला आहे. ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, भाग पडते म्हणून देऊ नये, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. पगार झाला की दोघांनी वही घेऊन बसावे, फी, हप्ते, गावी पाठवायचे पैसे आणि दान हे एकाच पानावर लिहावे. सासूबाईंच्या बोलण्याला आपण उत्तर देऊ नये. आईवडिलांना सोडून पत्नीशी जडून राहण्याची आज्ञा उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुषाला आहे, तेव्हा 'मुलाला आम्ही दोघे मिळून वाढवतो आहोत' हे वाक्य आईला त्यांनीच ऐकवायचे आहे.

आपल्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि ती नसल्याचे मला खटकले : आपण दोघे शेवटी कधी, मुलांविना आणि चर्चच्या कामाविना, एकत्र बसलात, याचा त्यात मागमूस नाही. त्यांची शिफ्ट आणि आपल्या नाइट ड्यूट्या यांत तसे बसणे आपोआप घडणार नाही. रुग्णालयाचे ड्यूटीचे वेळापत्रक लागले की त्याच दिवशी महिन्यातले दोन-तीन तास त्यातून हेरून ठेवावे लागतील. कोठे लांब जाण्याची गरज नाही. दोघांनी बाहेर चहा घ्यावा, पायी फिरून यावे. आणि त्या वेळात कमिटी, दृढीकरण व सासूबाई हे तीन विषय काढू नयेत. पहिल्या वेळी बोलायला काही सुचणार नाही. त्याला घाबरू नका.

राहिला प्रश्न कोणाकडे जावे हा. आपली अडचण खरी आहे; ज्या पाळकांच्या कामाचा भार यजमान उचलतात, त्यांना तटस्थ राहणे कठीण जाईल, आणि महिला मंडळात बोललेली गोष्ट पुढच्या रविवारपर्यंत कोठे पोचेल ते आपण जाणता. दुसऱ्या मंडळीतील एखादे निवृत्त पाळक आणि त्यांच्या पत्नी, ज्यांचा यजमानही मान राखतात, अशा जोडप्याकडे दोघांनी मिळून जावे. निवड यजमानांना करू द्या. मुलासाठी त्याच्या शाळेतील समुपदेशक असतील तर त्यांची भेट घ्यावी, नसतील तर आपल्या रुग्णालयातील डॉक्टर योग्य व्यक्ती सुचवतील. समुपदेशन म्हणजे विश्वासाची कमतरता, असे यजमान म्हणाले तर रुग्णाला सलाईन लावताना आपण प्रार्थना सोडत नाही आणि प्रार्थना करताना सलाईन काढत नाही, हे आपल्याइतके चांगले कोण सांगू शकेल?

आणि एक तातडीचे काम. यंदाच्या दृढीकरणाच्या यादीत मुलाचे नाव असेल तर ते काढण्याविषयीचे चार ओळींचे पत्र पाळकांना दोघांच्या सहीने द्यावे. त्यात नाव का काढले ते लिहू नये, 'पुढच्या वर्षी पाहू' एवढेच पुरे आहे. बिशपांच्या भेटीची तारीख ठरण्याआधी ते पोचले तर मंडळीत चर्चा होणार नाही. पत्र देण्याआधी ते मुलाला वाचायला द्यावे, आणि ते यजमानांनी आपल्या हाताने द्यावे.

— आपली, सदरलेखिका